मनवाला खरं सांग

प्रिय मंग्या,

फोनवर नीट बोलता आलं नाही, तू हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये होतास आणि मागून सारखं कुणीतरी हाका मारत होतं, म्हणून हे लिहितोय. काकूंना अजून आयसीयूतच ठेवलंय, डॉक्टर काय म्हणाले, सगळं कळलं. पण शेवटी तू जे म्हणालास ना की लेकीला, मनवाला, आजी गावाला गेलीय असं सांगितलंय, ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

तुला स्टार ट्रेक व्हॉयेजर आठवते ना, पृथ्वीपासून फार लांब भरकटलेल्या अंतराळजहाजाची सिरीयल, कॅप्टन जेनवेवाली? त्यातली नाओमी वाइल्डमन आठव, कपाळावर छोटी शिंगं असलेली पोरगी. सध्या रात्री जेवण झालं की मी ती सिरीयल पहिल्यापासून परत बघतोय. आपण कॉलेजात बघायचो तेव्हा बोर्ग, म्हणजे ते अर्धे यंत्र झालेले शत्रू, आले की नाही एवढंच बघायचो, नाओमीचे एपिसोड सुरू झाले की चहाला उठायचो. आता बघताना वाटतं सगळ्या सिरीयलीत तिच्याएवढं खरं पोर दुसरं नाही.

तिचा जन्मच बघ. १९९६ चा एपिसोड आहे, जहाजाची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते, माणसांसकट. एका जहाजावर ती जन्मते आणि लगेच जाते, दुसऱ्या जहाजावर जगते, आणि ते दुसरं जहाज नष्ट होणार म्हणून जहाजावरचा अधिकारी हॅरी किम तिला हातात घेऊन या जहाजावर येतो. म्हणजे तिच्या आईनं, सामंथानं, एक लेक गमावली आणि काही तासांत तीच लेक परत हातात आली. बाप तिकडे डीप स्पेस नाइन या अंतराळस्थानकावर राहिलेला, पृथ्वी ७०,००० प्रकाशवर्षं लांब, पोहोचायला ७५ वर्षं लागणार. या पोरीसाठी जहाज हेच घर, गाव, शाळा, सगळं.

आणि तिचा गॉडफादर नीलिक्स, तो जहाजाचा आचारी. त्याचं अख्खं कुटुंब युद्धात मारलं गेलंय, आई, वडील, भावंडं, बहीण अलिक्सिया. एका एपिसोडमध्ये तो मरतो आणि त्याला परत जिवंत करतात, पण मेल्यावर आपली माणसं ज्या जंगलात भेटतात म्हणून तो लहानपणापासून मानत आलाय ते जंगल त्याला दिसलेलंच नसतं. जगण्यात अर्थ नाही म्हणून तो जीव द्यायला निघतो, जहाजावरचा दुसऱ्या नंबरचा अधिकारी चकोटे समजावतोय, आणि तेवढ्यात सामंथा येऊन सांगते की नाओमीला झोप येत नाहीये, तिला वाटतंय रेप्लिकेटरमध्ये, म्हणजे जेवण तयार करणाऱ्या यंत्रात, राक्षस आहे, आणि तिला तूच हवायस. बास. तो जातो. पोरीला झोपवायला म्हणून माणूस जिवंत राहतो, मला तो सीन बघताना भरून आलं रे.

आता मूळ मुद्दा. पाचव्या सीझनमध्ये, १९९८ मधला, ‘वन्स अपॉन अ टाइम’ नावाचा एपिसोड आहे. सामंथा आणि जहाजावरचे टुवॉक व टॉम पॅरिस छोट्या यानातून गेलेत, वादळात सापडून यान एका ग्रहावर कोसळतं आणि खडकाखाली गाडलं जातं. सामंथा जबर जखमी. इकडे नीलिक्स नाओमीला सांगतो की आईला यायला जरा उशीर होणारे. तिला होलोडेकवर, म्हणजे खोट्या पण खऱ्यासारख्या दुनिया उभ्या करणाऱ्या खोलीत, खेळायला नेतो, तिथे फ्लॉटर म्हणून पाण्याचा बनलेला एक जण आणि ट्रेव्हिस म्हणजे चालतंबोलतं झाड. तिला बाहुला देतो, गोष्टी वाचून दाखवतो. जेनवे म्हणते की पोरीला कळायला हवं, तर हा म्हणतो अजून थोडं थांबू. वाईट हेतू कुठेच नाही, जीव लावलाय त्यानं.

पण पोरीला कळतंच. ती त्याला शोधत ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, येते आणि मोठी माणसं आईबद्दल जे बोलतायत ते कानावर पडतं. तिचा चेहरा बघ तेव्हा, स्कार्लेट पोमर्स म्हणून मुलगी आहे, नऊ वर्षांची असेल तेव्हा, जराही रडारड न करता तिनं तो धक्का दाखवलाय. ती पळत जाऊन फ्लॉटरच्या जंगलात लपते. आईच्या काळजीइतकाच तिला नीलिक्सचाही राग आलेला असतो, कारण ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा त्यानंच सांगितलं नाही. तो तिथे जातो तेव्हा तिला स्वतःच्या घरच्यांचं सांगतो, तिच्यापासून लपवत होतो कारण मलाच ते सगळं परत आठवत होतं. तिथे त्या दोघांचं जमतं. आई सापडण्याच्या आधी, नंतर नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मंग्या, तुला हे का सांगतोय ते तुला कळलं असणार. तुझे बाबा गेले तेव्हा तुला सांगलीला मामाकडे पाठवलं होतं, बाबांना बरं नाही म्हणून, आणि तू परत आलास तेव्हा सगळं आटोपलं होतं, दारात चपलाच चपला आणि आत भिंतीवर हार घातलेला फोटो. हे तूच मला होस्टेलच्या गच्चीवर सांगितलेलंस, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तू मामांशी धड बोलत नव्हतास, बिचाऱ्यांचा काही दोष नसताना. मनवा आठ वर्षांची आहे. घरात फोन वाजला की सगळे गप्प होतात, वहिनी बाथरूममधून डोळे धुऊन येतात, आजीचा चष्मा आणि गोळ्यांचा डबा टेबलावरच आहे, तर आजी चष्मा न घेता गावाला कशी गेली हे तिला कळत नसेल असं वाटतं तुला? ती विचारत नाहीये कारण तुम्ही घाबरलायत हे तिला दिसतंय.

सगळं सांगू नकोस, व्हेंटिलेटर वगैरे नको. आजी हॉस्पिटलमध्ये आहे, खूप आजारी आहे, डॉक्टर प्रयत्न करतायत, बाबालाही भीती वाटतेय, एवढं पुरे. बरी होईलच असं प्रॉमिस मात्र देऊ नकोस. आत सोडत नसतील तर तिला चिठ्ठी लिहू दे, चित्र काढू दे, तू काकूंच्या कानाशी वाचून दाखव. आणि वहिनींशी आधी बोल, दोघांनी मिळून सांगा, तू एकट्यानं नको.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघतोय, शनिवारी सकाळी तुझ्याकडे. हॉस्पिटलमध्ये रात्री मी थांबतो, तू घरी मनवाजवळ झोप. डबा मी बघतो, पैशांचं काय असेल ते मोकळेपणानं बोल.

तुझा,
सुध्या