चि. सईस: काकाची ओळ तेवढी काढ

देवगड,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण दुकानात फोन घेतला की काउंटरपलीकडची माणसं आपलं औषध विसरून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहतात, आणि घरी घेतला की तुझी आई "स्पीकर लावा" म्हणते. म्हणून कागद घेतला.

जामसंड्याची एक ओळखीची बाई परवा दुकानात आली. बीपीच्या गोळ्या घेतल्या, सुटे पैसे मोजता मोजता आवाज उतरवून म्हणाली, "काय हो, तुमच्या चेडवाक फीट येता काय?" कुत्सितपणा नव्हता, काळजीच होती. तिची सून कल्याणला असते. सुनेच्या भावाला आकडी येते, म्हणून ती त्याच ऑनलाइन ग्रुपात आहे ज्यात तू आहेस. तुझं लिहिलेलं तिने सासूला पाठवलं आणि सासूने ते मला दाखवलं. नाव तुझं नव्हतं, फोटो नव्हता. 'किनाऱ्यावरची' असं काहीतरी टोपणनाव घेतलं आहेस. पण खाली काय लिहिलंस? सिंधुदुर्गातलं समुद्रकाठचं गाव, बाबांचं एसटी स्टँडजवळ मेडिकल, स्वतः पुण्यात आयटीत, आणि गणपतीत दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना सगळ्यांसमोर फिट आली. अगो, स्टँडजवळ मेडिकलं ती किती, आणि त्यातल्या कोणाच्या घरची आरती यंदा मध्येच थांबली हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. नाव लिहायचं बाकी काय राहिलं?

त्याच लिखाणाखाली रक्ताच्या रिपोर्टचा फोटो आहे. नावावर तू काळी पट्टी ओढली आहेस, ते बरं केलंस. पण कोपऱ्यातला क्यूआर कोड तसाच ठेवलास. मी त्या बाईच्या फोनवर माझा फोन धरला आणि पूर्ण रिपोर्ट उघडला. नाव, वय, कोणत्या डॉक्टरने पाठवलं, सगळं. रिपोर्ट पेशंटला पटकन मिळावा म्हणून लॅबवाले तो कोड छापतात. धरणारा पेशंटच आहे की आणखी कोणी, हे त्या कोडला कळत नाही. बाजूला गोळ्यांची खाकी पिशवीही दिसते, आपल्या दुकानाच्या छापील नावाची पहिली दोन अक्षरं चांगली वाचता येतात.

तुला हे बारीकसारीक वाटेल. म्हणून वाचलेली एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या आजारपणाची माहिती नावं काढून संशोधकांना दिली होती. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना सांगितलं की काळजी नको, कोणाचीही ओळख पटणार नाही. लतान्या स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी त्या वेळी एमआयटीत शिकत होती. गव्हर्नर केंब्रिज गावात राहतात हे सगळ्यांना माहीत होतं. तिने २० डॉलर देऊन त्या गावाची मतदारयादी विकत घेतली. गव्हर्नरच्या जन्मतारखेचे ६ जण निघाले. त्यातले पुरुष ३. आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. त्यांचे आजारपणाचे कागद तिने शोधून काढून त्यांच्याच कार्यालयात पाठवून दिले. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड, एवढ्यावर. केंब्रिजसारख्या मोठ्या गावात हे होतं, तर आपल्या पिनकोडात, जिथे पोस्टमन पत्ता न वाचता पत्र टाकतो, तिथे आरतीचा उल्लेख पुष्कळ झाला.

आता आईचं म्हणणं. ती म्हणते, सगळं पुसून टाक आणि ग्रुप सोड. मी तसं म्हणत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे आपण घाट चढून जातो, बाहेर दोन तास बसतो आणि आत दहा मिनिटं मिळतात. त्यात ते गोळी लिहून देणार, की रात्रपाळी कशी करायची, रूमवर कोणाला काय सांगायचं, फिटनंतर दिवसभर येणारं ते जडपण किती दिवस टिकतं, हे बोलणार? हे तुला त्याच दुखण्याच्या माणसांनी सांगितलं. जागरणाने तुझं बिघडतं हेही तुला तिथल्याच कोणाच्या तरी अनुभवावरून लक्षात आलं ना? मी एवढी वर्षं औषधं विकतो, मलाही ते सांगता आलं नव्हतं. बोलायचं तिथे बोल. फक्त तिथे कोण कोण बसलंय याचा अंदाज ठेव.

कारण तिथे फक्त पेशंट नसतात. 'पेशंट्सलाइकमी' नावाचं अमेरिकेतलं एक संकेतस्थळ आहे, आजारी माणसांनी एकमेकांशी बोलण्यासाठीच काढलेलं. मे २०१० मध्ये तिथल्या मनाच्या आजारांच्या विभागात एक नवा सभासद शिरला आणि यंत्राने भराभर सगळे संदेश उतरवून घेऊ लागला. चौकशी केली तर तो नीलसन या मोठ्या बाजारसंशोधन कंपनीचा निघाला. लोक नेटवर काय बोलतात हे टिपून देण्याचा तिचा धंदा, आणि गिऱ्हाइकांत औषध कंपन्याही. रात्री दोन वाजता कोणीतरी आपलं मन मोकळं केलेलं, ते कोणाच्या तरी बाजाराच्या अहवालात. आमच्या धंद्यातलंच दुसरं उदाहरण गुडआरएक्सचं, औषधांवर सवलतीची कुपनं देणारी कंपनी. लोक कोणतं औषध शोधतात ही माहिती तिने फेसबुक, गूगलसारख्यांना दिली म्हणून २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि १५ लाख डॉलरचा दंड झाला.

तू म्हणशील, आपल्याकडे कायदा आहे की. आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्या कायद्यात एक कलम आहे ते नीट वाच. जी माहिती माणसाने स्वतःच चारचौघांत जाहीर केली, तिला तो कायदा लागूच होत नाही. कायद्यात उदाहरणही दिलंय, समाजमाध्यमावर स्वतःची माहिती स्वतःच मांडणाऱ्या बाईचं. डॉक्टरवर २००२ च्या नियमांनी बंधन आहे, पेशंटचं गुपित त्याने बाहेर काढायचं नाही. तुझ्या ग्रुपातल्या कल्याणच्या सुनेवर असलं काही बंधन नाही, आणि तिने वाईट हेतूने काही केलंही नाही.

माझ्या दुकानाचं तर तुला ठाऊकच आहे. टीबीची औषधं, झोपेच्या काही गोळ्या, काही भारी अँटिबायोटिक्स, ही 'एच-वन' नावाच्या सरकारी यादीतली, त्यांची २०१४ पासून वेगळी वही ठेवावी लागते. पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं, आणि ती वही ३ वर्षं सांभाळायची. लहानपणी एकदा तू ती उघडून वाचायला बसली होतीस आणि मी ओरडलो होतो. ती वही अजून कुलपात असते. जामसंड्याची माणसं काही औषधं मुद्दाम माझ्याकडे घ्यायला येतात आणि देवगडची कणकवलीला जातात, गाडीभाडं खर्च करून. कोणी कोणाला विचारत नाही. मला या माणसांचं हसू कधी आलं नाही. माणसाला कोणाला सांगायचं ते स्वतः ठरवायचं असतं, आणि त्यासाठी तो पन्नास रुपये जादा मोजतो, एवढंच.

तर करायचं काय ते सांगतो. तो रिपोर्टचा फोटो आज काढ. आकडा विचारायचा असेल तर आकडा टाइप कर, कागद नको. गाव, दुकान, सण यांची नावं नकोत. 'कोकणातली' पुरे, किंबहुना तेही नको. तारखा महिनाभर मागेपुढे केल्यास तर सल्ल्यात काही फरक पडत नाही. टोपणनाव इन्स्टाग्रामवरचं नको आणि त्या ग्रुपासाठी ईमेलही वेगळा काढ. फोनवर काढलेल्या फोटोत कुठे काढला ती जागाही नोंदलेली असू शकते, ती सोय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद कर. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात शिरलीस की तुझा नंबर सगळ्यांच्या हाती. मग "फिट मुळापासून बरी करतो" म्हणणारे वैद्य सुरू होतात. एकाने तुला खाजगी मेसेज केला होता म्हणालीस ना? अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे आणि आकडी त्या आजारांच्या यादीत आहे, तरी ते थांबत नाहीत. अशांच्या नादी लागून चालू गोळी बंद केलेले पेशंट मी पाहिलेत. चिठ्ठीवरची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही, हे या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समज, विषय वेगळा असला तरी.

आणि याचा अर्थ तोंड शिवून बस असा अजिबात नाही. रूमवरच्या मुलीला सगळं सांग. कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बिमचा काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, ५ मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन. चप्पल आणि कांदा हुंगवायची आपल्याकडची पद्धत तिला ठाऊक नसली तर शिकवू नकोस. विम्याच्या अर्जात खरं लिही. लपवलंस तर नेमका गरजेच्या वेळी क्लेम अडेल. लग्नाचं म्हणशील, तर आई समजते तसं आभाळ कोसळलेलं नाही. हिंदू विवाह कायद्यातून आकडीचा शब्द १९९९ मध्येच काढून टाकला आहे. ज्याच्याशी जमेल त्याला आधी सांगायचं, आणि ते तू सांगायचंस, समोर बसून. त्याच्या आत्याच्या फोनवर आलेल्या स्क्रीनशॉटने नव्हे.

इथवर जे लिहिलं ते तुझं आहे. ऐक किंवा ऐकू नकोस, तू मोठी आहेस. उद्या तू स्वतःच्या नावाने पेपरात लेख लिहिलास की मला आकडी येते आणि मी नोकरी करते, तर तो लेख मी दुकानात लावीन. आईशी भांडण होईल ते मी बघून घेईन.

पण त्या लिखाणात शेवटाकडे एक ओळ आहे: "माझ्या धाकट्या काकांनाही लहानपणी फिटा यायच्या." ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुला हे कुठून कळलं ते मला माहीत आहे. कोल्हापुरात डॉक्टरांनी "घराण्यात कोणाला?" असं विचारलं आणि मी तुझ्यासमोर उत्तर दिलं. ते द्यायलाच हवं होतं, उपचारासाठी लागतं. पण तुझा काका त्याबद्दल कधी कोणाशी बोललेला नाही. शाळेत त्याला त्यावरून काय काय म्हणायचे ते मी थोरला म्हणून ऐकलंय. एकदा त्याला कोणी बोटीत घेईना, तेव्हा तो दिवसभर बंदरावर पाय सोडून बसून राहिला होता. पुढे फिटा थांबल्या, गोळ्याही सुटल्या, आणि काकीला त्याने सांगितलं की नाही हे मी आजतागायत विचारलेलं नाही. मी त्याचा सख्खा भाऊ असून विचारलेलं नाही.

आणि त्याच्या मुलीचं आता बघतायत. तुला ओळखलं म्हणजे त्यालाही ओळखलं, त्याला दुसरं टोपणनाव घ्यायची सोयच नाही. तुझं दुखणं सांगायची मुभा तुला आहे, त्याचं सांगायची तुलाही नाही आणि मलाही नाही. ग्रुपात घराण्याचा विषय निघालाच तर "घरात आणखी एकाला होतं" एवढं पुरतं. काका, धाकटे, लहानपणी, यातला एकही शब्द कोणाला उपयोगाचा नाही. बाकीचं राहिलं तरी चालेल, पण ती ओळ हे पत्र मिळताच काढ. ज्यांनी फोटो काढून ठेवला असेल त्यांच्याकडे ती राहणार, त्याला इलाज नाही. जामसंड्याच्या बाईला मी सांगितलंय, तिने माझ्यासमोर पुसलं. सुनेलाही सांगते म्हणाली.

काकाला फोन करायचा की नाही हे तू ठरव. करशील तर तो कामावर असताना नको, संध्याकाळी कर, तेव्हा तो वरच्या आंब्याच्या कलमांत एकटा असतो.

तुझ्या गोळ्या पुढच्या महिन्याच्या बांधून ठेवल्या आहेत. बुधवारी सकाळच्या पुण्याच्या गाडीने पार्सल टाकतो, स्वारगेटला उतरवून घे. डॉक्टरांनी डोस बदलला म्हणतेस तर नव्या चिठ्ठीचा फोटो पाठव. मला एकट्याला पाठव, 'देवगडकर परिवार'वर टाकू नकोस. तिथे आता तुझ्या आत्याचे व्याहीही आहेत, त्यांना कोणी जोडलं ते अजून समजलेलं नाही.

जपून राहा. झोप वेळेवर घे.

तुझे,
बाबा