आरसीसीबी ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की घरोघरी ‘ईएलसीबी सारखा पडतो’ (म्हणजे आरसीसीबी, विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) ही तक्रार सुरू होते आणि ती मिटवण्याचा एक घातक तोडगा आपल्याकडे सर्रास चालतो. त्याविषयी हे पत्र लिहीत आहे. शासकीय आयटीआयमध्ये तारतंत्री विभागाचा निदेशक म्हणून माझी नोकरी झाली.

गेल्या महिन्यात पुतण्याच्या फ्लॅटवर गेलो असता, बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, असे सूनबाईंनी सांगितले. डीबीतला (स्विचच्या मुख्य पेटीतला) आरसीसीबी जागेवर होता, खटकाही वर होता. परंतु ‘टी’ लिहिलेले चाचणीचे बटण दाबूनही तो पडेना. मेन स्विच बंद करून झाकण काढले, तेव्हा मीटरकडून आलेल्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा त्यातून सोडवून कनेक्टरने परस्पर पुढे जोडलेल्या दिसल्या. सारखा पडत होता म्हणून वायरमनने ‘डायरेक्ट’ करून दिला होता. मूळ दोष गीझरमध्ये होता. कॉइलला चीर जाऊन आत पाणी शिरले होते आणि सॉकेटमधील अर्थिंगची तार स्क्रूतून निसटलेली होती. म्हणजे त्या घरात आरसीसीबी खरे तेच सांगत होता आणि त्याचेच तोंड बंद करण्यात आले.

‘एमसीबी आहेत ना, मग काय भीती?’ असे अनेक जण विचारतात. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की पडणारा छोटा स्विच, तारेचे रक्षण करतो, माणसाचे नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअरची गोष्ट. आणि अंगातून जाणारा तीस-चाळीस मिलिअँपिअरचा प्रवाहही जिवावर बेतू शकतो. ओल्या हाताने शॉक बसलेल्या माणसातून जाणारा प्रवाह एमसीबीच्या दृष्टीने छोट्या दिव्याएवढाच असतो. आरसीसीबी मात्र फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो आणि तफावत ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचेपर्यंत क्षणार्धात पुरवठा तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांतही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर हीच कमाल मर्यादा घातलेली आहे. अर्थात, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर दोन्हीकडचा प्रवाह सारखाच राहतो आणि आरसीसीबीला काही कळत नाही, हेही लक्षात ठेवावे. शिवाय अर्थिंग धड असेल, तर उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरताच तो पडतो. नसेल, तर कुणाचा तरी हात लागेपर्यंत थांबतो.

आरसीसीबी पडू लागला, तर सर्व एमसीबी खाली करून तो चढवावा आणि मग एकेक एमसीबी वर करत जावे. ज्याच्यावर तो पडेल, त्या सर्किटवरील उपकरणांचे प्लग काढून पुन्हा पाहावे. गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर आणि बाल्कनीतला पावसात भिजणारा दिवा हे नेहमीचे संशयित. सर्व एमसीबी खाली असतानाही तो पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी भिंतीत अर्थला लागलेला असण्याची शक्यता मोठी. इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलशी एकत्र केल्यानेही हेच घडते. हे वायरिंगचे काम आहे, ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

गृहनिर्माण संस्थांनी टाक्या धुण्याची तारीख लावतात, तशी ‘टी’ बटण दाबण्याचीही तारीख सूचनाफलकावर लावावी आणि बटण दाबूनही न पडणारा आरसीसीबी त्याच आठवड्यात तपासून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, सांगली