विषय : फर्मवेअर अपडेटनंतर बंद पडलेले नॅस उपकरण आणि डिस्क फॉरमॅट करण्याचा तुमचा सल्ला

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग यांस,

तुमच्या दोन डिस्कच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली साठवण्याच्या उपकरणावर, तुमच्याच वेब पानावरून नवे फर्मवेअर (उपकरण चालवणारे आतले सॉफ्टवेअर) चढवले, उपकरण रीस्टार्ट झाले आणि तेव्हापासून ते नेटवर्कवर दिसलेले नाही. बोर्डावरच्या सिरियल पिनांना ३.३ व्होल्टची यूएसबी केबल जोडून पाहिले, तर यू-बूट हा बूटलोडर (उपकरण सुरू करणारा पहिला प्रोग्राम) नीट सुरू होतो, रॅम ओळखतो, फ्लॅश मेमरीमधून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) उचलतो आणि ‘बॅड डेटा सीआरसी’, म्हणजे डेटाची पडताळणी जुळत नाही, असे छापून थांबतो. म्हणजे बूटलोडर शाबूत आहे; कर्नलची इमेज (फ्लॅशमध्ये लिहायची फाइल) मात्र अपडेटमध्ये चुकीची किंवा अर्धवट लिहिली गेली आहे.

हे सगळे आज तुमच्या प्रतिनिधीला फोनवर सावकाश सांगितले. त्यांनी विचारले, “सर, वायफाय चालू आहे का?” या उपकरणात वायफाय नाही, हे तुमच्या कंपनीला मी सांगायचे का? मग सल्ला मिळाला, “दोन्ही डिस्क फॉरमॅट करा, चालू होईल.” फर्मवेअर बोर्डावरच्या नॅण्ड फ्लॅशमध्ये आहे, डिस्क पुसून ते कसे दुरुस्त होणार, असे विचारल्यावर उत्तर आले, “आमच्या स्क्रीनवर हेच आहे.” मी बोलत असतानाच मोबाइलवर संदेश आला : आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

त्या डिस्कवर माझ्या स्टुडिओने काढलेले, अजून ग्राहकांना न दिलेले लग्नांचे फोटो आहेत. रेड-१ मधल्या, म्हणजे एकच डेटा दोन्हींवर ठेवणाऱ्या, त्या डिस्क कोणत्याही लिनक्स संगणकावर एमडीएडीएम या प्रोग्रामने वाचता येतात, म्हणून माझा डेटा वाचेल. पण ज्याला हे ठाऊक नाही, त्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून धडधाकट डेटा स्वतःच्या हाताने पुसला असता. याचा मला सर्वाधिक संताप आहे.

फ्लॅशमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवून नवी चालली नाही तर जुनीवर परतण्याची पद्धत या धंद्यात नवी नाही. तुम्ही ती का ठेवली नाही, याचे लेखी उत्तर द्यावे. शिवाय या मॉडेलची मूळ इमेज, ती टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) चढवण्याची रीत आणि यू-बूट व कर्नलचा सोर्स कोड पाठवावा. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचा कोड उपकरणात घालून विकल्यावर तो मागणाऱ्याला देणे तुम्हाला बंधनकारक आहे. सिरियल पिनांसाठी झाकण उघडले म्हणून वॉरंटी गेली, हे कारण मी मान्य करणार नाही.

पंधरा दिवसांत हे मिळाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन आणि सिरियल कन्सोलची संपूर्ण नोंद तिला जोडीन. तोवर डिस्क फॉरमॅट करण्याचा तो सल्ला तुमच्या प्रतिनिधींच्या स्क्रीनवरून आजच काढावा.

कळावे,
आपला ग्राहक