दूरचित्रवाणीवरचे राजकारण : एका आठवड्याची निवड

माननीय संपादक,
स. न.

आपल्या दैनिकात राशिभविष्य, शब्दकोडे, पंचांग आणि बाजारभाव नेमाने छापले जातात. एकेकाळी मराठी दैनिकांत याच मजकुराच्या शेजारी मुंबई दूरदर्शनच्या कार्यक्रमांची छोटी चौकटही असे. पाहण्यासारखी वाहिनी एकच होती तेव्हा ही चौकट छापली जाई आणि वाहिन्या शेकड्यांनी झाल्यावर, म्हणजे वाचकाला तिची खरी गरज पडली तेव्हा, ती नाहीशी झाली. ती नव्या स्वरूपात परत सुरू करावी, अशी या पत्राद्वारे विनंती आहे. सगळ्या वाहिन्यांचे वेळापत्रक छापायला जागा पुरणार नाही हे उघड आहे; परंतु पुढील आठवड्यात दूरचित्रवाणीवर राजकारणासंबंधी पाहण्याजोगे काय आहे आणि ते का पाहावे, एवढे रविवारच्या अंकात थोडक्यात सांगता येईल. नुसती सूचना करून थांबण्यापेक्षा नमुन्यादाखल एक आठवडा मीच मांडून पाहतो.

आधी या खटाटोपाचे कारण. संध्याकाळी वृत्तवाहिन्यांवर ज्याला चर्चा म्हणतात तिच्यात सहा-आठ चौकटींत बसलेले प्रवक्ते, त्यांना एकमेकांवर सोडणारा सूत्रसंचालक आणि तळाशी धावणारी पट्टी असते. ज्या विधेयकावरून हे सारे चाललेले असते त्याचे एक कलमही पडद्यावर येत नाही. याचे एक कारण पैशाचे आहे. मंगळवेढ्याला किंवा करमाळ्याला बातमीदार आणि कॅमेरा पाठवण्यापेक्षा चार प्रवक्त्यांना त्यांच्या घरूनच जोडून घेणे स्वस्त पडते. दुसरे कारण म्हणून टीआरपीकडे, म्हणजे प्रेक्षकसंख्येच्या गुणांकाकडे, बोट दाखवले जाते, पण ते मला पुरेसे वाटत नाही. ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांचे प्रेक्षकमापन बंद ठेवले होते. या काळात कोणाला गुण मिळत नव्हते, तरीही आवाज खाली आल्याचे मला जाणवले नाही.

सोलापूरकरांना याचा नमुना घरबसल्या मिळाला आहे. १५ जून २०२३ रोजी विमानसेवेला अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी पाडण्यात आली. ती कोसळतानाची काही क्षणांची दृश्ये वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा दाखवली. मात्र तिच्या बांधकाम परवानगीचा वाद काय होता, न्यायालयात कोणी काय म्हणणे मांडले, सभासद शेतकऱ्यांचे आणि गाळपाचे काय होणार आणि शहराला विमानसेवा नेमकी कशासाठी हवी होती, हे ज्याला समजून घ्यायचे होते त्याला वृत्तपत्रच उघडावे लागले. चिमणी पडणे हे दृश्य होते. ती पडण्यापर्यंतची वर्षे हे राजकारण होते, आणि त्यासाठी वाहिन्यांकडे वेळ नव्हता.

आता आठवड्याकडे येतो. संसदेचे अधिवेशन चालू आहे असे गृहीत धरतो, कारण ते चालू असते तेव्हा सोमवार आणि मंगळवारच्या सकाळी निवड करण्याचा प्रश्नच उरत नाही. सकाळी अकराला लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास असतो आणि बारा वाजता राज्यसभेचा. दोन्ही सभागृहांचे कामकाज संसद टीव्हीच्या दोन वाहिन्यांवर दिसते. २०२१ मध्ये लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही एकत्र करून ही व्यवस्था झाली. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेच्या यादीत एका दिवसाला असे वीस प्रश्न असतात. पैकी थोड्यांनाच तासाभरात तोंडी उत्तर मिळते. पाहावयाचे ते पुरवणी प्रश्नाच्या वेळी. मूळ प्रश्नाचे उत्तर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेले असते आणि ते कोणीही वाचून दाखवू शकतो. पुरवणी प्रश्न आला की मंत्र्याला आपल्या खात्याची माहिती आहे की नाही ते अर्ध्या मिनिटात कळते. वस्त्रोद्योग, कामगार किंवा अर्थ खात्याचा दिवस असेल तर सोलापूरच्या प्रेक्षकाने तो चुकवू नये. सुताचे दर, टेरी टॉवेलची निर्यात, विडीवरचा जीएसटी हे विषय संध्याकाळच्या चर्चेत कधी येणार नाहीत. आले तर याच तासात येतील.

सकाळी अकराला टीव्हीसमोर बसायला कोणाला सवड असते, असा आक्षेप येईल. नोकरदाराला ती नसते हे खरे. पण या शहरात यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी घरी आलेले कामगार आहेत आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत, ज्यांच्यासमोर टीव्ही बहुधा चालूच असतो. शिवाय हे कामकाज इंटरनेटवर नंतरही पाहता येते. संसद टीव्हीचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. सभागृहात गोंधळ सुरू झाला की कॅमेरा अध्यक्षांच्या आसनावर खिळून राहतो आणि विरोधी सदस्य कशासाठी उभे आहेत, त्यांच्या हातातील फलकांवर काय लिहिले आहे, ते प्रेक्षकाला दिसत नाही. खासगी वाहिन्या केवळ गोंधळ दाखवतात आणि सरकारी वाहिनी गोंधळ सोडून सगळे दाखवते. दोन्हींत प्रेक्षकाची अडचण सारखीच.

बुधवारी शेतीविषयक कार्यक्रम पाहावा, मग तो सह्याद्रीचा असो वा डीडी किसानचा. शेतीचा कार्यक्रम राजकारणाच्या यादीत कसा, असे ज्याला वाटेल त्याने सोलापूरच्या बाजार समितीतील कांद्याचे लिलाव आठवावेत. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद केली आणि ऐन लोकसभा निवडणुकीत, ४ मे २०२४ रोजी, किमान निर्यातमूल्याच्या अटीसह ती पुन्हा खुली केली. या तीन तारखांमधील अंतर ज्याच्या साठवणुकीच्या चाळीत कांदा होता त्याने सोसले. आवक, साठवणूक, टिकवण यांविषयी कृषितज्ज्ञ बोलतात तेव्हा ते कोणत्याही पक्षाचे नाव घेत नाहीत. पण ते ऐकल्यानंतर निर्यातबंदीवरची पुढाऱ्यांची भाषणे ऐकली तर कोण अभ्यास करून बोलतो आहे आणि कोण नुसता हात वर करतो आहे, ते लगेच ओळखता येते. आपल्या जिल्ह्यातील डाळिंबाचीही हीच गोष्ट आहे. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आहे, हे शहरातील अनेकांना ठाऊक नसते.

गुरुवारची निवड फक्त सोलापूरकरांसाठी आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात; पूर्व भागातील पद्मशाली घरांत तेलुगू बातम्या लागलेल्या असतात, तर अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कानडी. कृष्णेच्या पाण्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी ती तिन्ही भाषांत पाहावी. कृष्णेवरील कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याचा प्रश्न मराठी वाहिनीवर सांगली-कोल्हापूरच्या महापुराचा प्रश्न म्हणून येतो आणि २०१९ मधील पाण्याखाली गेलेल्या घरांची दृश्ये दाखवली जातात. कानडी वाहिनीवर तोच प्रश्न विजयपूर-बागलकोटच्या कोरडवाहू शेतीचा होतो. तिथे शेतकरी रिकामा कालवा दाखवतो आणि २०१० मध्ये कृष्णेच्या पाणीवाटपावर न्या. ब्रिजेशकुमार लवादाने दिलेल्या निर्णयाची अंमलबजावणी का होत नाही, असे विचारतो. तेलुगू वाहिनीवर ही धास्ती खालच्या अंगाची असते, कारण वर पाणी अडले तर तिथवर काय पोहोचणार, हा तिथला हिशेब. तिन्ही बातम्या आपापल्या जागी खऱ्या आहेत आणि तिन्हींत काहीतरी गाळलेले आहे. भाषा येत नसेल तर शेजाऱ्यांकडे जाऊन बसावे. तेवढा शेजार सोलापुरात अजून शिल्लक आहे. आपल्यालाही यात तटस्थ राहता येणार नाही, कारण उजनीतून भीमेत सोडलेले आपले पिण्याचे पाणी ज्या औज बंधाऱ्यात अडवले जाते तो कर्नाटकच्या सीमेला लागून आहे.

शुक्रवारी दुपारी लोकसभेत शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी राखलेले असतात. मंत्री नसलेल्या खासदाराला आपले विधेयक मांडण्याची ही संधी. आजवर अशी केवळ १४ विधेयके कायद्यात उतरली आणि १९७० नंतर एकही नाही, त्यामुळे वाहिन्या या वेळेकडे फिरकत नाहीत. तरीही ही वेळ मी यादीत ठेवीन, कारण मतदानाचा हिशेब नसल्याने सदस्य इथे मोकळेपणाने बोलतात आणि सत्तारूढ बाकांवरूनही सरकारला अवघड जाणारे मुद्दे कधीमधी निघतात. त्याच रात्री राज्यसभा टीव्हीने २०१४ मध्ये दाखवलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘संविधान’ या मालिकेतील एक भाग पाहावा. मालिका दहाच भागांची आहे. सचिन खेडेकर यांनी त्यात डॉ. आंबेडकरांची भूमिका केली आहे. आपण आज ज्याला कायद्याचे वाक्य समजतो त्यातील एकेका शब्दासाठी घटना समितीत किती वाद झाला, हे त्यात दिसते. आणि त्या वादात माणसे एकमेकांचे बोलणे पूर्ण होऊ देतात.

शनिवारसाठी मला स्थानिक केबल वाहिनीवर महापालिकेची सर्वसाधारण सभा सुचवायची होती. पण मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकच कारभार पाहत होते, म्हणजे दाखवण्यासारखी सभाच नव्हती. पाण्याच्या पाळ्या, उजनीपासूनची समांतर जलवाहिनी, परिवहन सेवा, यांविषयीचे निर्णय त्या काळात बंद खोलीत झाले आणि आमच्यापर्यंत प्रसिद्धिपत्रकातून आले. लोकनियुक्त सभा असेल तेव्हा ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवणे स्थानिक वाहिनीवर बंधनकारक करावे असे मी म्हणणार नाही, पण महापालिकेने चित्रण मोफत उपलब्ध करून द्यायला हरकत नसावी. राज्याच्या पातळीवर तरी कुठे वेगळे आहे? केरळ विधानसभेने २०२० मध्ये सभा टीव्ही सुरू केली. आपल्याकडे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचे वाहिन्यांवर उरते ते विधानभवनाच्या पायऱ्यांवरचे आंदोलन, जे कॅमेरे पायऱ्यांवर असतात म्हणूनच पायऱ्यांवर होते. आत चाललेल्या लक्षवेधी सूचना, ज्यांत एखाद्या तालुक्याचा वर्षानुवर्षे अडलेला प्रश्न मंत्र्यापुढे येतो, त्यांना बातमीत जागा मिळत नाही.

इतके रूक्ष कामकाज सामान्य माणूस पाहणार नाही, असे वाहिन्यांतील मंडळी म्हणतात. त्यांना २७ सप्टेंबर २०२२ या दिवसाची आठवण द्यावी लागेल. त्या दिवसापासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांच्या सुनावण्या थेट दिसू लागल्या आणि पहिल्याच दिवशीच्या प्रकरणांत शिवसेनेतील सत्तासंघर्षाचे प्रकरण होते. ११ मे २०२३ रोजी निकाल लागेपर्यंत पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट, पक्षादेश (व्हिप), विधिमंडळ पक्ष आणि मूळ पक्ष यांतील फरक, यांवर चहाच्या टपरीवर वाद झालेले आपणही ऐकले असतील. त्या सुनावण्या संथ होत्या, इंग्रजीत होत्या आणि तासन्‌तास चालत होत्या. लोकांनी त्या पाहिल्या, कारण निकालाने आपले सरकार राहील की जाईल, हा प्रश्न त्यांचा होता.

रविवारी ‘सिंहासन’ पाहावा. आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरचे जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये केलेला हा चित्रपट अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला असून पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. मंत्रालय, दूरध्वनी, पक्षातली गटबाजी, संपाची धमकी आणि मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री, एवढ्या सामग्रीवर तो उभा आहे. निळू फुले यांनी रंगवलेला पत्रकार सर्वांकडे जातो, सर्वांचे ऐकतो, आणि जे कळते त्यातले फार थोडे त्याला छापता येते. आजच्या बातमीदारांनी तो पुन्हा पाहावा असे मला वाटते. नेत्यांनी पाहिला नाही तरी चालेल, त्यांना तो पाठ आहे.

संध्याकाळच्या चर्चांवर मी बंदी घालत नाही. आठवड्यातून एक पाहावी, तीही ज्या विषयाचे मूळ कामकाज दिवसा पाहिले आहे त्यावरची. मग कोणता प्रवक्ता सभागृहात घडलेले सांगतो आणि कोणता स्वतःच्या मनचे, ते तपासता येते.

आपण ही चौकट सुरू केलीत तर दोन गोष्टी पाहाव्यात. वाहिनीच्या नावाबरोबर तिचा क्रमांकही द्यावा, आणि तो केबल, डीटीएच व डीडी फ्री डिश यांसाठी वेगवेगळा द्यावा. सह्याद्री, संसद टीव्ही यांसारख्या वाहिन्या दाखवणे केबलचालकांना कायद्याने भाग आहे, पण आमच्या भागात त्या इतक्या दूरच्या क्रमांकावर ठेवल्या आहेत की रिमोट दाबून दाबून माणूस वाटेतल्या मालिकेतच थांबतो. दुसरे, ऐनवेळी कामकाज तहकूब झाल्यास यादी फसेल. त्या दिवसासाठी एक पर्यायी कार्यक्रम कंसात द्यावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
सोलापूर