पेन्सिलीने लिहिलेले नऊ ट्रॅक

काका,

तुमचं नाव ह्या पत्रात कुठेही लिहिणार नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, एवढं आता कळलंय. पण पत्र मात्र चारचौघांत लिहितेय, कारण मला जे ऐकवलं गेलं होतं तेही चारचौघांतच ऐकवलं गेलं होतं.

तुम्हाला ऐकायला दिलेल्या ट्रॅकची यादी परत येऊन आज आठ दिवस झाले. २१२ ट्रॅक, ११ पानं, प्रत्येक ओळीपुढे तुमचं ते बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. नवव्या पानावर आले आणि मला रडू कोसळलं. का ते सांगते, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कुणाला कळायचं नाही.

मी डीजे आहे. माझ्याकडे ३८०० च्या आसपास ट्रॅक आहेत आणि चार वर्षं मी ते स्केलनुसार लावायच्या मागे होते. एक ट्रॅक संपत आला की दुसरा त्यात मिसळायचा, आणि त्या मिनिटभरात दोघांचे सूर एकमेकांशी भांडता कामा नयेत, यालाच आमच्यात हार्मोनिक मिक्सिंग म्हणतात. ठेका जुळवणं सरावाने हातात बसतं. सुरांचं तसं नाही. सूर बिनसले तर नाचणाऱ्याला काय बिनसलं ते सांगता येत नाही, पण त्याचे पाय ढिले पडतात.

माझं बिनसत होतं, आणि ते मला ऐकू येत होतं. हेच तर दुखणं होतं. ऐकू येत होतं आणि कारण सापडत नव्हतं. एका रात्री दोन ट्रॅक लावले, दोन्हींवर सॉफ्टवेअरने स्केलची खूण म्हणून ८ए लिहिलेलं, म्हणजे दोन्ही ए मायनर. नियमाने ते अलगद एकमेकांत जायला हवेत. दुसऱ्या ट्रॅकमधली गायिका पहिल्याच्या बासवर आली मात्र, आणि असं वाटलं की कुणीतरी दार करकरत ओढतंय. मी घाईने पहिल्याचा आवाज पाडला. समोरच्या दोघी थांबल्या, एकमेकींकडे बघितलं आणि बाजूला गेल्या. ते बघणं मी विसरलेले नाही.

विचारायला गेले. ज्या वर्गाची फी भरली होती तिथले शिकवणारे म्हणाले, "सॉफ्टवेअर ८ए म्हणतंय ना? मग ८एच." आणि पुढच्या मुलाकडे वळले. ज्या बड्या डीजेच्या आधी मला तासभर वाजवायला मिळालं होतं, त्याने सगळ्यांदेखत सांगितलं की कान उपजत असतो, तुला तो नाही, तू आपली नुसत्या ठेक्यावरची वाजव. तिसऱ्या एकाकडून 'स्केल लावून तयार' म्हणून संग्रह विकत घेतला, तर गोंधळ दुप्पट झाला. त्याला फोन केला तेव्हा तोही हेच म्हणाला: बाकी कुणाची तक्रार नाही, तुझ्याच कानात काहीतरी आहे.

तिघांपैकी एकानेही ते दोन ट्रॅक ऐकवायला सांगितले नाहीत. राग मला त्याचा आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

मैत्रिणीचा पियानो जुळवायला तुम्ही आला होतात तेव्हा मी तिथे सहज बसले होते. तुमचं काम झाल्यावर धीर करून विचारलं. तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंत, "तुमच्या त्या यंत्रातलं मला काही कळत नाही. पण तू जसं वाजवतेस तसंच मला ऐकव." तसंच. हा एक शब्द चार वर्षांत कुणी उच्चारला नव्हता.

मी लॅपटॉप उघडला, त्या रात्री होता त्याच वेगाने ट्रॅक लावला. तुम्ही नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरलात, ४४० हर्ट्झचा ए. डोळे मिटलेत. मग म्हणालात, "हे ए मायनर नाहीच. ह्याचा सा वर सरकलाय. बी फ्लॅट म्हण, केसभर कमी."

मूळ ट्रॅक १२२ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२२ ठोके. मी तो १२९ वर ओढला होता, म्हणजे साधारण पावणेसहा टक्के, आणि मास्टर टेम्पोचं बटण बंद होतं. ते बंद असलं की वेग वाढतो तसा सूरही वर चढतो, आणि जवळजवळ सहा टक्क्यांना पूर्ण अर्धा स्वर सरकतो. कागदावर ८ए लिहिलेला माझा ट्रॅक प्रत्यक्षात ३ए होऊन वाजत होता. ए मायनरवर बी फ्लॅट मायनर! करकरणार नाही तर काय होणार? सॉफ्टवेअर खोटं बोलत नव्हतं, त्याने मूळ ट्रॅक मोजला होता. आणि माझा कानही खोटं बोलत नव्हता. त्याने जे वाजत होतं ते ऐकलं होतं.

तुमच्या तोंडून "तुला बरोबर ऐकू आलं" हे आलं तेव्हा मी नुसती मान हलवली. आभार तेव्हाच मानायला हवे होते. घसा दाटला होता.

विकत घेतलेल्या संग्रहाचं कोडंही तुमच्याच प्रश्नाने सुटलं. "काही आकड्यांपुढे ए-बी आणि काहींपुढे एम-डी का आहे?" असं तुम्ही सहज विचारलंत. मी तोवर ते एकच समजत होते. त्या माणसाने दोन वेगळ्या पद्धती एकाच रकान्यात कोंबल्या होत्या. कॅमलॉट ह्या माझ्या नेहमीच्या पद्धतीत ए मायनर म्हणजे ८ए. ओपन की पद्धतीत तोच ए मायनर १एम असतो, आणि तिथला ८एम म्हणजे बी फ्लॅट मायनर. आकडा तोच आठ आणि मध्ये अर्ध्या स्वराची भिंत. पुन्हा तीच करकर, वेगळ्या वाटेने आलेली. ते सगळं एका पद्धतीत कसं आणलं ते इथे सांगत बसत नाही. दोन रविवार गेले आणि झालं.

मला जास्त आठवतं ते तुम्ही कॅमलॉट चक्राचं चित्र पहिल्यांदा पाहिलंत तेव्हाचं. चष्मा वर केलात आणि हसलात. "अगं, हे तर पंचमांचं वर्तुळ! ह्याच्यावरच तर माझं आयुष्य गेलं." मी नंतर वाचलं. मार्क डेव्हिस यांनी डीजेंसाठी त्याला घड्याळासारखे बारा आकडे दिले, पण मेजर-मायनर मिळून २४ स्केलचं वर्तुळ योहान डेव्हिड हाइनिखेन यांनी १७२८ सालीच छापलं होतं. एका आकड्यावरून शेजारच्या आकड्यावर जाणं म्हणजे सा वरून प वर जाणं किंवा म वर येणं. षड्ज-पंचम भाव, षड्ज-मध्यम भाव. चार वर्षं मी "एक पुढे किंवा एक मागे" असं पाढ्यासारखं घोकत होते आणि त्यामागे सा-प आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या दोन स्केलमध्ये सातपैकी सहा सूर सामाईक असतात, म्हणून ती भांडत नाहीत. एवढं एक वाक्य त्या वर्गात फळ्यावर आलं असतं तर!

आणि मग तुम्ही ती दुसरी गोष्ट सांगितलीत, जी मी त्यानंतर भेटेल त्याला सांगत सुटलेय. शुद्ध पंचम एकावर एक बारा वेळा रचत गेलं तर वर्तुळ नेमकं मिटत नाही. सात सप्तकं ओलांडून आपण जिथे पोहोचतो तिथे साधारण २३.५ सेंट जास्तीचे उरतात. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग, तेव्हा हा झाला अर्ध्या स्वराचा जवळपास पाव भाग. पियानो जुळवणारा काय करतो, तर प्रत्येक पंचम जेमतेम दोन सेंटने आखडता घेतो आणि ते उरलेलं सगळ्यांत वाटून टाकतो. एकही पंचम पुरता शुद्ध राहत नाही, पण सगळी स्केल वाजवण्याजोगी होतात. "कुणा एकावर सगळी चूक टाकली की तेवढं एक स्केल वाजवायच्या लायकीचं राहत नाही," असं म्हणालात तुम्ही. तुम्ही पियानोबद्दलच बोलत होतात. माझ्या डोक्यात ते अजून घोळतंय.

शेवटी ते २१२ उरले. एक सॉफ्टवेअर एक स्केल सांगायचं, दुसरं दुसरंच. तुम्हाला यादी आणि पेन ड्राइव्ह देताना मला संकोच वाटत होता. मी म्हटलं, दहा-वीस ऐकलेत तरी खूप. तुम्ही पाच आठवडे घेतलेत आणि सगळे ऐकलेत. ज्या संगीताची तुम्हाला मुळात आवड नाही, ज्यात निम्मा वेळ नुसता ठोका पडत असतो, ते तुम्ही पियानोपाशी बसून शेवटपर्यंत ऐकलंत. पैशांचा विषय काढला तर विषय बदललात.

आता नववं पान.

सगळी यादी निळ्या शाईने लिहिलेली. २०३ ट्रॅकपुढे स्केल, काहींपुढे एखादा शब्द: "सैल", "मध्येच बदलतो", "रेकॉर्डवरून उतरवलंय, वेग थोडा चढा". पण नऊ ट्रॅकपुढे शाई नाही. तिथे पेन्सिलीने फक्त प्रश्नचिन्ह आणि त्याच्या शेजारी मोकळी जागा सोडलेली. नवव्या पानाच्या तळाशी, पेन्सिलीनेच: "हे नऊ मला ठरवता आले नाहीत. तू ऐक आणि लिही. तुझा कान चांगला आहे."

काका, तुम्ही तिथे काहीही लिहिलं असतंत तरी मी ते डोळे मिटून मानलं असतं. तपासणारं कोण होतं? ज्यांनी आजवर मला उत्तरं दिली त्यांना कुणालाच "मला माहीत नाही" असं म्हणावंसं वाटलं नाही, आणि आयुष्यभर सूर जुळवत आलेल्या माणसाने नऊ ठिकाणी हात थांबवला. एवढंच नाही, ती जागा माझ्यासाठी ठेवली. आणि पेन्सिलीने लिहिलं, म्हणजे मला खोडता यावं. मी लिहिलेलं नंतर मला पटलं नाही तर मलाच ते पुसता यावं. तुम्ही हे ठरवून केलंत की तुमची सवयच तशी, मला माहीत नाही. विचारणारही नाही.

'तुला कान नाही' हे वाक्य मी दोन वर्षं सोबत घेऊन वाजवत होते. हेडफोन कानाला लावला की आधी ते ऐकू यायचं, मग ट्रॅक. पडद्यावरच्या आकड्यावर माझा जास्त विश्वास बसायला लागला होता. मध्यंतरी वाचलं की स्केल ओळखायच्या एका जुन्या, नावाजलेल्या पद्धतीच्या मुळाशी काय आहे. कॅरल क्रमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना बसवून विचारलं होतं की आधी ऐकवलेल्या स्केलमध्ये हा सूर किती बसतो, आणि त्यांनी दिलेल्या गुणांवरून प्रत्येक स्केलचा साचा तयार झाला. संगणक ट्रॅकमधले बारा सूर मोजतो आणि त्या साच्याशी ताडून बघतो. म्हणजे त्या आकड्याच्याही तळाशी कुणाचे तरी कानच आहेत! मला हे वाचून इतका आनंद झाला की रात्री साडेअकराला तुम्हाला फोन करणार होते.

जगात जाणकार खूप आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण समोरच्याचं आधी ऐकून घेणारे, स्वतःला न कळलेलं तसंच सांगणारे, आणि शिकणाऱ्याला छोटं न करता शिकवणारे फार थोडे भेटतात. मोठ्या उपकारांच्या गोष्टी लोक सांगतात. मला आता असं वाटतं की माणसाचा चांगुलपणा एका रिकाम्या सोडलेल्या जागेतही मावतो. मी स्वतः दोन मुलींना शिकवायला सुरुवात केलीय. परवा एकीने काहीतरी विचारलं, मला उत्तर येत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. पूर्वी काहीतरी ठोकून दिलं असतं.

आणि त्या नऊंबद्दल सांगायचं राहिलंच. रोज रात्री एक घेऊन बसते. पियानो नाही, तर छोट्या कीबोर्डवर एक सूर धरून ठेवते आणि ट्रॅक त्यावर सोडते, तुम्ही दाखवलंत तसं. तिसरा आणि सहावा ८ए आणि ८बी, म्हणजे ए मायनर आणि सी मेजर, यांच्यात अडकले होते. सातही सूर तेच, प्रश्न एवढाच की ट्रॅक कुठल्या सुरावर येऊन विसावतो. दोन्हींत बास शेवटी सी वर येतो, म्हणून ८बी लिहिलं. पाचवा कुठल्याच पट्टीत बसत नव्हता. तो दोन सुरांच्या मधोमध आहे, बहुतेक रेकॉर्डवरून उतरवताना वेग चुकला असावा. जवळपास तीन टक्के खाली ओढला आणि एकदम जागेवर आला. त्या क्षणी मी एकटीच खोलीत ओरडले. पहिला, चौथा आणि नववाही झाले.

शनिवारी सहाव्यातून तिसऱ्यात गेले. मिनिटभर दोन्ही एकत्र ठेवले, मग आणखी मिनिटभर, कारण काढावंसं वाटेना. समोर कुणी थांबलं नाही.

दुसरा, सातवा आणि आठवा अजून सुटलेले नाहीत. सातव्यात मला एकदा ४ए ऐकू येतं आणि एकदा ५ए. तुम्हाला तिथे काय अडलं होतं ते मला ऐकायचंय. येत्या रविवारी यादी घेऊन येते. मी लिहिलेलंही पेन्सिलीनेच लिहिलंय.

तुमची,
नवव्या पानावरची मुलगी