दहाचा वडापाव आणि शाळेचा निधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा आला की शाळाशाळांतून आनंदमेळे भरतात. गेल्या वर्षी मुलीच्या शाळेने वाचनालयाच्या कपाटांसाठी मेळा भरवला. आम्ही चौघीजणींनी वडापावचा स्टॉल घेतला. दर शाळेनेच ठरवून दिला होता, सगळं १० रुपये. १०० वडापाव दीड तासात संपले, डब्यात १००० रुपये जमले. माइकवरून आमचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या.

घरी येऊन मी चिठ्ठ्या जुळवल्या. बटाटे ५ किलो १५०, बेसन २००, तेल ३००, पाव ३००, मिरची-लसूण-कोथिंबीर आणि शेंगाचटणी मिळून २००, गॅस १००. बेरीज १२५०. साडेबाराला पडलेला वडापाव आम्ही दहाला विकला होता. तेवढे पैसे चौघींनी सरळ शाळेत भरले असते, तर कपाटांसाठी २५० रुपये जास्तच मिळाले असते. मी घरून कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे हे फार लागलं.

दहाच का, हेही मला कळतं. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या घरांतली मुलं जास्त. पाचवीतली एक पोरगी दहाचं नाणं मुठीत धरून कितीतरी वेळ स्टॉलपुढे उभी होती. शेवटी म्हणाली, ‘काकू, चटणी जास्त घाला.’ तिच्यासाठी दहाचा पदार्थ हवाच. पण तो दहात बसणारा हवा. चुरमुऱ्याची भेळ, उकडलेल्या शेंगा, लिंबू सरबत दहात देऊनही चार पैसे उरतात. वडापाव वीसला ठेवा, धपाटे-दही त्याहून वर. ते पालक आवडीने घेतील. कडक भाकरी-चटणीची पाकिटं ठेवली तर उरल्याचीही चिंता नाही, भाकरी महिनाभर टिकते. आमच्याकडे पाणीपुरीचेच पाच स्टॉल होते. संध्याकाळी दोघांनी बादल्या भरभरून पाणी मोरीत ओतलं, पुऱ्या सादळल्या त्या वेगळ्याच.

एका पदार्थाचे दोनच स्टॉल असावेत. पदार्थाचं नाव छापलेली कुपनं आठवडाभर आधी वर्गांत विकली, तर किती बनवायचं याचा अंदाज येतो, आणि वाढणाऱ्या हाताला पैशांना शिवावं लागत नाही.

शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. दर ठरवण्याआधी प्रत्येक स्टॉलकडून खर्चाचा कागद घ्या, आणि माइकवरून गल्ला सांगू नका, खर्च वजा जाता उरलेली रक्कम सांगा. आईबापांनी पदरचं सामान दिलं असेल तर तेही देणगी म्हणून वहीत लिहा. सहावीच्या गणितात नफा-तोटा आहेच, हे कागद त्या मुलांकडूनच भरून घ्या. आमच्या वडापावचा कागद मी यंदाच्या पालक सभेत देणार आहे.

– एक पालक, अशोक चौक, सोलापूर