भूतानच्या विजेचा हिशेब

संपादक महोदय,

आपल्याकडे भूतान आठवतो तो डोकलाम या भूतान-चीन सीमेवरच्या वादग्रस्त पठारामुळे. २०१७ साली १६ जून ते २८ ऑगस्ट असे ७३ दिवस भारतीय आणि चिनी सैन्य तिथे समोरासमोर उभे होते. चीन तिथे बांधत असलेला रस्ता झोम्पेलरीच्या डोंगरधारेपर्यंत पोहोचला असता, तर ईशान्य भारताला उर्वरित देशाशी जोडणारा, जेमतेम २०-२२ किलोमीटर रुंदीचा सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा त्यांच्या टप्प्यात आला असता. त्यामुळे या विषयावर भरभरून लिहिले जाते, ते योग्यच आहे. पण ज्या गोष्टींवरून भूतानी माणूस भारताची पारख करतो त्यांची चर्चा आपल्याकडे होत नाही. वीज प्रकल्पांच्या कर्जाच्या अटी, रुपयांची उपलब्धता आणि स्वयंपाकाच्या गॅसचा दर या त्या गोष्टी.

संरक्षणाची बाजू भक्कम आहे. भारतीय लष्कराचे प्रशिक्षण पथक १९६२ पासून पश्चिम भूतानमधल्या ‘हा’ या गावी आहे आणि भूतानचे छात्र खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकतात. डिसेंबर २००३ मध्ये उल्फा, बोडो आणि कामतापुरी या भारतातल्या बंडखोर गटांचे आपल्या जंगलांतले तळ भूतानच्या छोट्याशा सैन्याने स्वतः उद्ध्वस्त केले. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी त्या मोहिमेचे नेतृत्व केले होते. ईशान्य भारताच्या सुरक्षेसाठी शेजाऱ्याने एवढी जोखीम उचलल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. १९४९ च्या दार्जिलिंग करारात परराष्ट्र धोरणाबाबत भूतानने भारताच्या सल्ल्याने चालावे असे कलम होते. फेब्रुवारी २००७ च्या नव्या करारात ते गेले आणि एकमेकांच्या राष्ट्रीय हितांबाबत निकट सहकार्याचे कलम आले. कागदावर नाते बरोबरीचे झाले. पैशाच्या व्यवहारात मात्र त्याच सुमारास काटा उलट दिशेने सरकू लागला.

चुखा (३३६ मेगावॉट) हा १९८० च्या दशकातला पहिला मोठा जलविद्युत प्रकल्प. त्याला भारताने ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिले, व्याज ५ टक्के. ताला (१०२० मेगावॉट) प्रकल्पात प्रमाण तेच राहिले, पण व्याज ९ टक्के झाले. पुनात्सांगछू-१ मध्ये अनुदान ४० टक्क्यांवर आले. पुनात्सांगछू-२ आणि मांगदेछूमध्ये ते ३० टक्केच उरले, उरलेले ७० टक्के कर्ज आणि व्याज १० टक्के. प्रकल्प १०० कोटींचा धरला तर चुखाच्या अटींवर पहिल्या वर्षीचे व्याज २ कोटी होते, मांगदेछूच्या अटींवर ७ कोटी. म्हणजे साडेतीनपट. हा बोजा शेवटी विजेच्या दरात उतरतो. ताला सुरू झाला तेव्हा भारत युनिटला १.८० रुपये देत होता. मांगदेछूचा दर ४.१२ रुपये ठरला. महागाई आणि बांधकामाचा वाढता खर्च जमेस धरूनही या फरकात व्याजाचा वाटा मोठा आहे.

त्यात काम रखडले की गणित पारच बिघडते. पुनात्सांगछू-१ (१२०० मेगावॉट) चे काम २००८ मध्ये सुरू झाले. धरणाच्या पायाचे खोदकाम चालू असताना जुलै २०१३ मध्ये उजव्या तीरावरचा अख्खा उतार खचला. हिमालयात खडकाच्या पोटात भरडलेल्या, चिकणमाती झालेल्या खडकाचे पट्टे असतात. अभियंते त्यांना शिअर झोन म्हणतात. पायथा खणला की वरच्या डोंगराचा आधार जातो आणि तो त्या पट्ट्यावरून घसरू लागतो. मग माथ्यावरची माती काढून भार हलका करणे, खडकात पोलादी केबल ताणून अँकर बसवणे, पृष्ठभागावर शॉटक्रीट म्हणजे काँक्रीटचा फवारा मारणे, पाण्याचा निचरा करणे, हे सगळे वर्षानुवर्षे चालले. तरी घसरण पुन्हा झालीच. सुमारे ३,५०० कोटींचा प्रकल्प ९,००० कोटींपलीकडे गेला. बांधकाम काळातले व्याजही प्रकल्पाच्या खर्चातच चढत असते, त्यामुळे वीज न विकताच कर्ज फुगते. पुनात्सांगछू-२ मध्येही मार्च २०१६ मध्ये भूमिगत दालनाचे छत कोसळले. १०२० मेगावॉटचा हा प्रकल्प अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रार्पण झाला.

धरणाची जागा नक्की करण्यापूर्वी दोन्ही तीरांत चाचणी बोगदे खणून आणि खोलवर ड्रिलिंगने खडकाचे नमुने काढून शिअर झोन शोधावे लागतात. याला दोन-तीन वर्षे आणि बराच पैसा जातो म्हणून घाई केली जाते. माझे स्पष्ट मत आहे की भूगर्भामुळे झालेल्या विलंबाच्या काळातले व्याज भारताने सोडून द्यावे. कर्ज आपले आणि विजेचे ग्राहकही आपणच. मग डोंगराचा धोका एकट्या भूतानने का सोसायचा?

दुसरी अडचण हिवाळ्याची. आतापर्यंतचे हे सर्व प्रकल्प नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात, मोठा साठा कुठेच नाही. पावसाळ्यात सगळी जनित्रे पूर्ण भाराने फिरतात, जानेवारी-फेब्रुवारीत नदी आटते आणि बरीचशी बंद राहतात. त्यामुळे उन्हाळा-पावसाळ्यात भारताला वीज विकणारा भूतान गेली काही वर्षे हिवाळ्यात भारताच्या वीज बाजारातून वीज विकत घेतो. याला उत्तर म्हणजे साठवणीचे धरण. संकोश (२५०० मेगावॉटहून अधिक) त्यासाठीच आखला आहे, पण तो अनेक वर्षे कागदावरच आहे. २०२० पर्यंत १०,००० मेगावॉटचे वचन दोन्ही देशांनी २००९ मध्ये दिले होते. चुखा, कुरीछू, ताला, मांगदेछू आणि पुनात्सांगछू-२ मिळून आज बेरीज होते ३,१५६.

रुपयाचेही तसेच. भूतानचे चलन न्गुल्ट्रम १९७४ पासून आपल्या रुपयाशी एकास एक बांधलेले आहे. आयात बहुतांशी भारतातून, तीही रुपयांत. प्रकल्पांचे सिमेंट, लोखंड, यंत्रसामग्री इथूनच जाते, त्यामुळे भारताने दिलेल्या पैशाचा मोठा भाग भारतातच परत येतो. बांधकामाचा जोर आणि सैल पतपुरवठा एकत्र आले तेव्हा, २०१२ मध्ये, तिथे रुपयांची टंचाई झाली. त्याआधी भारतीय बँकांची देणी फेडायला भूतानने २० कोटी डॉलर विकले होते. आता गरजेला तात्पुरते रुपये मिळवून देणारी रिझर्व्ह बँकेची चलन अदलाबदल सुविधा आहे, हा चांगला उपाय.

जुलै २०१३ ची चूक मात्र पुन्हा होता कामा नये. भूतानची पंचवार्षिक योजना ३० जूनला संपली म्हणून गॅस आणि केरोसीनवरचे भारताचे अनुदान १ जुलैपासून थांबले. भूतानच्या निवडणुकीची अंतिम फेरी होती १३ जुलैला. हेतू काहीही असो, तिथल्या मतदाराला त्यात दबावच दिसला. पुढे अनुदान पूर्ववत झाले, पण ती आठवण राहिली. एक योजना संपून दुसरी मंजूर होईपर्यंत आधीच्या सवलती आपोआप चालू राहतील, अशी एका ओळीची तरतूद करारात घातली की हा प्रश्न मिटतो.

भूतानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी १०,००० कोटी आणि ऊर्जा प्रकल्पांसाठी ४,००० कोटींचे सवलतीचे कर्ज भारताने जाहीर केले आहे. कोक्राझार-गेलेफू (६९ किमी) आणि बानरहाट-सामत्से (२० किमी) हे रेल्वेमार्गही मंजूर आहेत. हे स्वागतार्ह आहे. याच भरात संकोशच्या अटी पुन्हा ६०:४० वर आणाव्यात आणि व्याज चुखाइतके ठेवावे. साठवणीमुळे हिवाळ्यात मिळणारी वीज आपल्या ग्रिडलाही, सूर्य मावळल्यावर मागणी चढते त्या तासांत, लागणारच आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता